चेहऱ्याचा साचा घेताना नाकपुड्यांवर एक माणूस नेमा

पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) पावडर पाण्यात कालवून ती थेट कुणाच्या चेहऱ्यावर ओतायची नाही, लिंपायची नाही, "पातळच थर देतो, मॅडम" म्हणत ब्रशने लावायचीही नाही. माझ्या वर्गात मुखवट्यांचं काम सुरू झालं की मी हे फळ्यावर लिहिते आणि काम संपेपर्यंत कुणाला पुसू देत नाही. बाकीच्या गोष्टींत थोडं इकडेतिकडे झालं तर मुखवटा बिघडतो. इथे चुकलं तर माणूस भाजतो.

जिप्समचा दगड साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होतं. आपण पाणी घातलं की ती पावडर ते पाणी परत घेते, पुन्हा दगड व्हायला लागते आणि उष्णता बाहेर टाकते. थर पातळ असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. गोळा जाड असेल तर ती आतच कोंडते आणि तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं. तेवढ्या तापमानाला कातडी खोलवर भाजायला काही सेकंद पुरतात, ५० अंशांच्या आसपास काही मिनिटं. आणि प्लास्टर गरम व्हायला लागतं तोवर ते घट्टही झालेलं असतं, त्यामुळे चटका बसला तरी सुटका नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत १६ वर्षांच्या मुलीने हातांचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर आवळलं, हात आत अडकले आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. नव्या तुकडीला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. मुलं गप्प होतात. मला तेच हवं असतं.

चेहऱ्यावर वापरायच्या गोष्टी माझ्या वर्गात दोनच. पहिली प्लास्टर बँडेज, म्हणजे हाड मोडल्यावर दवाखान्यात वापरतात ती प्लास्टर लावलेली जाळीदार पट्टी. दुसरी अल्जिनेट, दातांचा माप-ठसा घ्यायला वापरतात ती समुद्री शेवाळापासून बनणारी पावडर. कातडीसाठी म्हणूनच बनवलेलं प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनही मिळतं आणि ते उत्तम असतं, पण ते महाग आहे आणि शिकाऊ हातांना त्याची घाई नको. सिमेंट, भिंतीची पुट्टी, पीयू फोम, इपॉक्सी, फायबरग्लासचं रेझिन, साधं मोल्डचं सिलिकॉन यांतलं काहीही कातडीला लागता कामा नये. ओलं सिमेंट हाताला गरम लागत नाही म्हणून काही जणांना ते बिनधोक वाटतं. ते तीव्र अल्कली असतं, कातडी रसायनानेच जाळतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही.

खुर्चीत कोण बसणार?

आधी मी बसते. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांच्या हातून स्वतःच्या चेहऱ्याचा साचा करून घेतल्याशिवाय हे काम सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. डोळे मिटलेले, ओठ हलवता येत नाहीत, गालांवर ओलं ओझं वाढतंय आणि खोलीत कोण कुठे आहे याचा पत्ता नाही, हे तोंडी सांगून कळत नाही. जो खुर्चीत बसला तोच पुढे दुसऱ्याच्या चेहऱ्याला नीट हात लावतो. म्हणून दुसऱ्याचा साचा घ्यायचा तर आधी स्वतः बसलेलं असावं, निदान कपाळापुरतं तरी.

पण बसायची सक्ती कुणावरही नाही, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. हे वर्गासमोर हात वर करायला लावून ठरवू नका, चारचौघांत कुणी नाही म्हणत नाही. मी एक कागद देते आणि घरी जाऊन भरून आणायला सांगते. त्यात विचारलेलं असतं: दमा आहे का, फिट येते का, बंद जागेत घाबरायला होतं का, कसली अ‍ॅलर्जी आहे का, चेहऱ्यावर जखम, फुटलेले मुरूम, उन्हाने भाजलेली कातडी किंवा ताजे टाके आहेत का, डोळ्यांचं किंवा दातांचं ऑपरेशन नुकतंच झालंय का. शेवटचा प्रश्न असा की तुमच्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला चालेल, कुणी लावलेला चालणार नाही. दमा, फिट किंवा कोंडल्याची भीती असेल तर चेहऱ्याचा साचा घ्यायचाच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवी, आणि त्या संमतीनंतरही मुलाने नाही म्हटलं तर ते नाहीच.

ऐन दिवशी पुन्हा एकदा विचारा, कारण सर्दीचं आदल्या दिवशी कळत नाही. एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीने श्वास घ्यायला सांगा, मग उलट. दोन्हीतून आरामात हवा आत-बाहेर झाली पाहिजे. जराही चोंदलं असेल तर आजचा दिवस सोडा. नाकात थेंब घालून बसवायचं नाही. थेंबांचा परिणाम उतरला आणि चेहरा तेव्हा पट्ट्यांखाली असला तर काय करणार?

अ‍ॅलर्जीची चाचणी आदल्या दिवशी करून घ्या. वापरणार असाल तेच व्हॅसलिन आणि तेच बँडेज किंवा अल्जिनेट कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढं लावा, घट्ट झालं की काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. लाली, खाज, पुरळ काहीही दिसलं तर चेहऱ्यावर लावायचं नाही.

ज्यांना बसायचं नाही त्यांच्यासाठी खरं काम ठेवा, नाहीतर ती मुलं दिवसभर पाण्याच्या बादल्या वाहत राहतात. माझ्याकडच्या एका मुलाने आरसा, कॅलिपर आणि शाडू घेऊन स्वतःचा चेहरा मापून घडवला. साच्यातून निघालेल्या चेहऱ्यांपेक्षा तो जिवंत होता, कारण साच्यातला चेहरा नेहमी झोपलेला येतो.

तिघांची टोळी

प्रत्येक खुर्चीमागे तीन माणसं लागतात. एक बसणारा, एक पट्ट्या लावणारा आणि एक नाकपुड्या राखणारा. या तिसऱ्याने पट्टी कापायची नाही, पाणी आणायचं नाही, फोटो तर मुळीच काढायचा नाही. त्याची नजर दोन भोकांवरून हलता कामा नये. थेंब ओघळत नाकाकडे आला की कोरड्या इअरबडने टिपायचा, आणि दर थोड्या वेळाने बसणाऱ्याला विचारायचं, "श्वास ठीक?" हे काम मी मुद्दाम वर्गातल्या सर्वांत चुळबुळ्या पोराला देते. जबाबदारी अंगावर पडली की तेच पोर सगळ्यांत निश्चल उभं राहतं. चौथं कुणी असेलच तर त्याने पट्ट्या भिजवून द्याव्यात.

खुणा आधी ठरवून, दोनदा करून बघून मगच सुरुवात करा. आमच्या खुणा अशा: अंगठा वर म्हणजे ठीक. तळहात सपाट पुढे म्हणजे थांबा, मला काहीतरी हवंय. दोन्ही हात चेहऱ्याकडे गेले म्हणजे काढा, लगेच, प्रश्न न विचारता. ही तिसरी खूण शिकवावी लागत नाही, घाबरलेला माणूस तेच करतो. म्हणून त्याचे हात कधीही चादरीखाली किंवा अ‍ॅप्रनखाली जाऊ देऊ नका. साचा फुकट जाईल म्हणून कुणी "अजून दोनच मिनिटं" म्हणालं तर मी त्या टोळीचं काम तिथेच बंद करते.

खोलीत एका वेळी दोनच खुर्च्या चालवा. एका शिक्षकाला त्याहून जास्त चेहऱ्यांवर लक्ष ठेवता येत नाही.

वेळ किती लागेल हे बसणाऱ्याला खरं सांगा, आणि त्यात थोडी भर घालून सांगा. १८२५ साली जॉन ब्राउअर नावाचा शिल्पकार ८२ वर्षांच्या थॉमस जेफरसनकडे त्याच्या चेहऱ्याचा साचा घ्यायला गेला होता. वीस मिनिटांत होईल असं त्याने सांगितलं आणि डोक्यावर पातळ प्लास्टरचे थरावर थर चढवून तासभर ठेवले. प्लास्टर इतकं वाळलं की शेवटी हातोडी-छिन्नीने तुकडे करून काढावं लागलं. प्लास्टरआधी माझे कानच डोक्यापासून सुटतील की काय अशी वेळ आली होती, असं जेफरसनने तीन दिवसांनी त्याचा मित्र जेम्स मॅडिसन याला पत्रात कळवलं. तो अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष होता म्हणून त्याची तक्रार आपल्यापर्यंत पोचली. अशा किती जणांच्या पोचल्या नसतील.

बँडेजचा मुखवटा

पहिल्या फेरीत मी डोळे, नाकपुड्या आणि ओठ मोकळेच ठेवायला लावते. मुलं हिरमुसतात, त्यांना अख्खा चेहरा हवा असतो. पण कपाळ, नाकाचा दांडा, गाल आणि हनुवटी एवढ्यानेही चेहरा ओळखू येतो, आणि बसणारा बोलू शकतो, बघू शकतो. डोळे आणि ओठ झाकण्याची वेळ दुसऱ्या फेरीत येते. नाकपुड्या झाकण्याची वेळ कोणत्याच फेरीत येत नाही.

पट्ट्या आधी कापून घ्या, हात आणि कात्री दोन्ही कोरडी असताना. ओल्या हाताने कापायला गेलात की कात्रीच्या पात्यांवर प्लास्टर जमतं आणि उरलेला रोल वाया जातो. मोठ्या पट्ट्या दोन-तीन बोटं रुंद आणि वीतभर लांब, गाल-कपाळासाठी. मधल्या त्याच्या निम्म्या. नाकाच्या बाजू आणि ओठांवरच्या भागासाठी बोटाच्या पेरापेक्षाही बारीक तुकडे. प्रत्येक मापाची वेगळी थाळी करा. चेहऱ्यावर काम सुरू झाल्यावर पट्टी शोधत बसणं म्हणजे बसणाऱ्याचा वेळ खाणं.

बसणाऱ्याने कॉन्टॅक्ट लेन्स, चष्मा, नाका-कानातले दागिने, खोट्या पापण्या काढून ठेवायच्या. केस पट्टीने मागे बांधायचे, वरून शॉवर कॅप, गळ्याभोवती जुना टॉवेल. कान झाकू नका, कापसाने बुजवू तर मुळीच नका. दुसऱ्या फेरीत डोळे मिटले की ऐकू येणं हाच त्याचा आपल्याशी उरलेला धागा असतो.

मग व्हॅसलिन. कातडीवर अगदी पातळ, कारण जाड थर दिला तर गालाची बारीक रेघही साच्यात उतरत नाही. केसांवर मात्र सढळ हाताने. भुवया, कल्ले, मिशी, कपाळावरची केसांची कड आणि कानापुढची लव इतकी भरा की केस वेगवेगळे दिसेनासे झाले पाहिजेत. कानापुढची लव सगळेच विसरतात आणि साचा काढताना किंचाळी तिथूनच येते. दाढी असेल तर व्हॅसलिनवर पातळ प्लास्टिक फिल्म नीट बसवा, फक्त दाढीवर, नाकाच्या जवळपासही नाही. दाढी करून या असं कुणाला सांगू नका. पापण्या झाकायच्या असतील तर डोळे मिटवून त्यांवर व्हॅसलिन वरून खाली हलकेच ओढा आणि वर ओल्या टिश्यूचा तुकडा ठेवा.

पाणी खोलीच्या तापमानाचं घ्या. कोमट पाणी चेहऱ्याला बरं वाटतं म्हणून मुलं तेच आणतात. पण पाणी जितकं गरम तितकं प्लास्टर लवकर आवळतं आणि जास्त तापतं. वाडग्यातलं पाणी पांढरं गढूळ झालं की बदला. त्यात तरंगणारे आधीच घट्ट झालेले कण नव्या पट्टीला घाई करायला लावतात. पट्टी बुडवायची, दोन बोटांत धरून वरून खाली निथळवायची, पिळायची नाही. पिळली तर प्लास्टर पाण्यात जातं आणि हातात नुसती जाळी उरते.

कपाळापासून सुरुवात करा, मग कानशिलं, गाल, जबडा, हनुवटी. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली हवी. लावली की बोटाने घोळवत रहा, जाळीची भोकं दिसेनाशी होईपर्यंत. घोळवताना चेहरा दाबू नका, मऊ गालाला खड्डा पडतो आणि तो मुखवट्यात कायमचा राहतो. पूर्ण चेहऱ्यावर तीन थर पुरतात. कडेला आणि नाकाच्या दांड्यावर चौथा. त्यापुढे जायचं नाही. मजबूत हवा असेल तर साचा उतरवल्यावर बाहेरून पाहिजे तितके थर चढवा, टेबलावर.

लावताना बोलत रहा. "आता डावा गाल. आता हनुवटी, जरा थंड लागेल. आता मी हात काढतेय." नुसतं काय करताय तेवढंच सांगा, विनोद नकोत. बसणारा हसला की गालावरचं प्लास्टर सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. आणि त्याच्याबद्दल त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलू नका. "हिचं नाक बघ केवढंय" असलं वाक्य माझ्या वर्गात एकदा उच्चारलं गेलं, त्यानंतर ते बोलणारा मुलगा त्या वर्षी पट्ट्या भिजवण्याच्या कामावरच राहिला.

नाक सर्वांत शेवटी. दांडा, दोन्ही बाजू, शेंडा, आणि नाकपुडीच्या कडेपासून थोडं अंतर राखून थांबा. नाकात स्ट्रॉ घालायची कल्पना प्रत्येक तुकडीत कुणीतरी मांडतंच. कल्पना जुनी आहे. इसवी सन १४०० च्या सुमारास इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने भोकं पाडलेल्या पितळेच्या किंवा चांदीच्या नळ्या नाकात घालायला सांगितल्या होत्या. तरीही नको. कुणाचा कोपर लागला की स्ट्रॉ आत घुसते, नाकाचा आकार फाकतो, नळीत थेंब गेला तर दिसतही नाही. उघडी नाकपुडी दिसते, टिपता येते. नाकाच्या खालचा जो भाग साच्यात येत नाही तो नंतर शाडूने घडवायचा असतो आणि त्या निमित्ताने मुलं नाकपुडी पहिल्यांदा नीट बघतात.

शेवटची पट्टी लागल्यापासून पाच ते दहा मिनिटं थांबा. थोडं ऊबदार वाटेल हे बसणाऱ्याला आधी सांगून ठेवा, आणि हेही सांगा की ऊब ठीक, चटका नाही. चटका वाटला की काढायचं. नखाने टिचकी मारल्यावर टक्क वाजलं की तयार आहे.

काढायचं काम बसणाऱ्याचं. त्याने पुढे झुकायचं, दोन्ही तळहात साच्याखाली धरायचे आणि आतून चेहरा हलवायचा: भुवया उंच, गाल फुगव, नाक मुरड. कातडी हळूहळू सुटते, कडेतून हवा आत शिरते आणि साचा आपणहून हातात येतो. कुठे केस अडकला तर ओढू नका, कडेतून बोट घालून थोडं व्हॅसलिन सरकवा किंवा बोथट टोकाच्या कात्रीने तेवढाच केस कापा. शिल्पकार लिओनार्ड व्होल्कने १८६० मध्ये अब्राहम लिंकनचा साचा घेतला तेव्हा कानशिलांवरचे केस साच्याबरोबर उपटून निघाले आणि लिंकनच्या डोळ्यांत पाणी आलं. साचा फार सुरेख आला होता. तरी केसांवरचं व्हॅसलिन वाचवू नका.

काही बिनसलं तर

चटका बसला तर साचा लगेच काढा, अख्खा निघत नसेल तर तोडून काढा, आणि तो भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल नको. डोळ्यात प्लास्टर गेलं तर चोळू न देता भरपूर स्वच्छ पाण्याने धूत रहा आणि डॉक्टरकडे न्या. घाबरून श्वास लागला तर साचा काढून खिडकीपाशी बसवा आणि बाकी मुलांना खोलीबाहेर काढा. पुन्हा बसायचंय का हे त्या दिवशी विचारू नका.

अल्जिनेट, दुसऱ्या टर्ममध्ये

अल्जिनेट तापत नाही आणि कातडीचं छिद्रनछिद्र उचलतं. धोका दोनच: ते वाहतं, आणि वेळ फार थोडा देतं. दातांसाठीचं झटपट अल्जिनेट दीड-दोन मिनिटांत आवळतं, तेवढ्यात तुम्ही जेमतेम कपाळावर असता. अंगाच्या साच्यासाठी बनवलेलं सावकाश जातीचं घ्या. पाणी जितकं थंड तितका वेळ जास्त मिळतो. प्रमाण पाकिटावरचं पाळा, आणि आधी हाताच्या पाठीवर थोडं लावून किती मिनिटांत आवळतं ते घड्याळात बघा. पावडर कालवताना मास्क घाला, तिची धूळ बारीक असते.

ज्यांनी बँडेज नीट केलंय त्यांनाच मी हे देते. बसणारा किंचित मागे रेललेला हवा. पार आडवा केला तर गाल कानांकडे ओघळतात आणि मुखवटा अनोळखी येतो. अल्जिनेट चमच्यावरून सलग ओघळेल पण थेंबाथेंबाने पडणार नाही इतपत दाट हवं. कपाळावरून खाली आणा, खोबणीत हवा अडकू न देता. इथे नाकपुड्या राखणारे दोघे हवेत, दोन्ही बाजूंना एकेक. साधारण बोटाच्या निम्म्या जाडीचा थर झाला की तो ओला असतानाच त्यात कापसाचे विरळ पुंजके दाबा. नुसत्या अल्जिनेटला बँडेज चिकटत नाही, कापूस दोघांना धरून ठेवतो. मग वरून बँडेजचं कवच, तीन थर. अल्जिनेट लवचीक असतं, कवच नसेल तर उतरवताच चेहरा वाकडा होतो.

उतरवल्यावर वेळ घालवू नका. अल्जिनेटमध्ये बहुतेक पाणीच असतं, ते उडू लागलं की साचा आकसतो. ओल्या फडक्यात गुंडाळा, नाकपुड्यांची भोकं बाहेरून शाडूने बुजवा आणि शक्यतो तासाभरात प्लास्टर ओता. हातांचा ठसा घ्यायचा असेल तर तोही अल्जिनेटच्याच बादलीत, प्लास्टरच्या नाही. फळ्यावरचं वाक्य हातांनाही लागू आहे.

आत ओतताना

बँडेजचा साचा असेल तर आतून व्हॅसलिनचा किंवा साबणाच्या दाट पाण्याचा हात फिरवा, नाहीतर प्लास्टर प्लास्टरला कायमचं चिकटेल. अल्जिनेटला काही लागत नाही. लवचीक प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात पावडर चाळत सोडा, उलट नाही. पावडर बुडणं थांबून पाण्यावर बेटं दिसू लागली की पुरे. दोन मिनिटं हात न लावता भिजू द्या, मग काठीने सावकाश ढवळा. हाताने ढवळायचं असेल तर हातमोजा घाला, आणि ते दाटू लागल्यावर हात आत ठेवू नका. पहिला पातळ हात ब्रशने साच्याच्या खोबणीखोबणीत फिरवा म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. मग दाट थर, त्यात काथ्याचे धागे. आता ते तापेल. तापू दे, इथे कुणी भाजणार नाही. तापून पुन्हा गार झालं की साचा सोलून काढा.

हा जो पांढरा चेहरा निघतो तो मुखवटा नसतो. त्याच्यावर कागद आणि खळीचे थर देऊन किंवा शाडूने नाक-भुवया वाढवून मुखवटा करायचा असतो, आणि एकाच ओतीवावर दहा जण दहा मुखवटे करू शकतात. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवण्याची गरजच नाही. घालायचा मुखवटा असेल तर डोळ्यांची भोकं वाटतात त्याहून मोठी ठेवा, आतली कड काचकागदाने घासून मऊ करा, नाकाखाली हवेला वाट ठेवा. रंगवण्याआधी तो पूर्ण वाळायला हवा. गालाला लावून बघा, गार लागला तर आत अजून ओल आहे.

आवरणं

प्लास्टरचं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि पाइप बुजतो. हात आणि भांडी एका मोठ्या बादलीत धुवा, रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी बाहेर ओता आणि खालचा गाळ कचऱ्यात टाका. बादलीतलं उरलेलं प्लास्टर घट्ट झाल्यावर बादली दाबली की आपोआप सुटतं. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. चेहरा आधी टिश्यूने पुसायचा, मग साबणाने धुवायचा, आणि पापण्यांतले कण बसणाऱ्यालाच आरशात बघून काढू द्यायचे.

साच्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहा. तो साचा ज्याचा चेहरा आहे त्याचा. प्रदर्शनात लावायचा, शिंगं बसवायची, फोटो टाकायचा, दुसऱ्याला ओतायला द्यायचा, तर दर वेळी त्याला विचारायचं. वर्षाअखेरीस कुणी न्यायला आलं नाही तर मी फोन करते. "नको, टाकून द्या" असं उत्तर आलं की त्या चेहऱ्याचे ओळखू न येतील एवढे तुकडे करूनच ते कचऱ्यात टाकते.